वाचक विचारतात: मायक्रोस्कोप विकत घ्यावा की नंबर लावावा?

मागच्या अंकात माझी एक चूक झाली, आणि चिकोडीच्या एका गुरुजींनी ती पोस्टकार्डावर लिहून पाठवली. पोस्टकार्ड अजून मिळतं याचंच मला नवल वाटलं. क्लीन रूमबद्दल, म्हणजे चिप बनवायच्या धूळमुक्त खोलीबद्दल लिहिताना 'क्लास १००' म्हणजे एका घनमीटर हवेत शंभर कण, असं मी लिहून गेले होते. गुरुजी म्हणतात, घनमीटर नाही, घनफूट. गुरुजींचं बरोबर आहे. अर्धा मायक्रॉन किंवा त्याहून मोठे कण एका घनफुटात शंभराच्या वर नकोत, हा जुना अमेरिकन हिशेब. आता त्याच खोलीला 'आयएसओ ५' म्हणतात आणि मर्यादा घनमीटरला ३,५२० कण अशी सांगतात. एका घनमीटरात पस्तीस घनफूट आणि थोडं वर, म्हणजे हिशेब जुळतो. माझ्या आकड्यानं खोली उगाचच पस्तीस पट स्वच्छ झाली होती. तेवढी स्वच्छ खोली बांधायची तर संपादकांना मासिक विकावं लागेल.

नवीन वाचकांसाठी एवढंच, की मी एका विद्यापीठाच्या यंत्रकेंद्रात बत्तीस वर्षं नोकरी केली. सीमेच्या कुठल्या बाजूचं विद्यापीठ ते सोडा. मेकॅनिक म्हणून लागले, टेक्निकल ऑफिसर म्हणून निवृत्त झाले. आता बेळगावच्या शहापुरात घरी असते. पत्रात कुणी मला मॅडम लिहितं, कुणी अक्का. अक्का चालतं.

आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या संस्थेनं संशोधनासाठी मोठी रक्कम मंजूर केली आहे. नॅनोमटेरिअल्सवर काम करणारे आम्ही चौघे प्राध्यापक आहोत. स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप (एसईएम) घ्यावा असं तिघांचं मत आहे, मी एकटा साशंक आहे. आपलं मत काय?
– एक प्राध्यापक, बेळगाव

सर, तिघांना माझा नमस्कार सांगा आणि हे उत्तर त्यांच्यासमोर मोठ्यानं वाचा.

माझं माहेर उचगावकडचं. आमच्या शेतातली विहीर चार भावांच्या वाटणीची. पाण्याची पाळी ठरलेली, त्यावरून भांडण कधी झालं नाही. भांडण व्हायचं मोटर जळल्यावर. जळली की चौघंही शपथेवर सांगायचे, माझ्या पाळीत तर चांगली चालली होती. शेवटी आजोबांनी मोटरच्या खोलीत, कोनाड्यात एक वही ठेवली आणि तिला सुतळीनं पेन्सिल बांधली. कुणी किती वाजता चालू केली, किती वाजता बंद केली, आवाज कसा येत होता, सगळं तिच्यात लिहायचं. पुढे मी लॉगबुक नावाची वस्तू पाहिली तेव्हा मला त्यात नवीन काही वाटलं नाही.

मायक्रोस्कोपचं असंच असतं. विकत घेणं सोपं. उद्घाटनाला पाहुणे येतात, फीत कापतात, पेपरात फोटो येतो. नंतर मोटर जळते.

टंगस्टन फिलामेंटचा एसईएम घेतला तर फिलामेंट (इलेक्ट्रॉन सोडणारी तार) साधारण शंभर तास टिकतं. नवख्या हाताखाली त्याच्या अर्ध्यातही जातं. त्याहून वरचा, फील्ड एमिशनचा घेतला तर चित्र फार सुंदर येतं, पण त्याच्या गनमधलं व्हॅक्यूम रात्रंदिवस टिकवावं लागतं, दिवाळीच्या सुट्टीतही. आता आपल्याकडचा जुलै आठवा. खानापूरच्या बाजूला तारेवर झाड पडतं आणि लाइट जाते. यूपीएस अर्धा तास तग धरतो, जनरेटरची किल्ली वॉचमनकडे आणि वॉचमन चहाला. आमच्याकडे एकदा यूपीएसच्या टर्मिनलवर पाल चिकटून मेली आणि सगळी लाइन बसली. एका पालीपायी चार दिवस गेले. त्याशिवाय चिलर, पंपाचं तेल, स्वतंत्र अर्थिंग, एसी, आणि कंपनीचा देखभाल करार. करार यंत्राच्या किमतीच्या काही टक्क्यांचा, पण दरवर्षीचा, आणि वॉरंटी संपल्यावर तो भरायला मंजूर रकमेत एक रुपयाही ठेवलेला नसतो. प्रस्ताव लिहिताना ही ओळ गाळली जाते. मी असे कितीतरी प्रस्ताव पाहिलेत.

जागेचंही तसंच. एका कॉलेजनं अॅटॉमिक फोर्स मायक्रोस्कोप घेतला आणि मला बघायला बोलावलं. नाव सांगत नाही, माणसं चांगली आहेत. त्या यंत्राच्या सुईचं टोक दहा नॅनोमीटरच्या आसपास असतं आणि तिनं पृष्ठभागावरून हळूहळू चाचपडत जायचं असतं. यांनी ते तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टच्या भिंतीला लागून ठेवलेलं. पडद्यावर सुरेख लाटा येत होत्या. एक सर मला म्हणाले, बघा अक्का, किती रेग्युलर स्ट्रक्चर आहे. मी म्हटलं, जरा लिफ्ट बंद करा. लिफ्ट बंद झाली, स्ट्रक्चर गेलं. तो मायक्रोस्कोप शेवटी तळमजल्यावर, जिन्याखालच्या खोलीत आला. तिथं आधी झाडू आणि फिनेल असायचं.

पण खरी गोम माणसाची आहे. यंत्र चालवणारा ऑपरेटर अकरा महिन्यांच्या करारावर घेतात. त्याला शिकायलाच सहा महिने लागतात. जरा हात बसला की पुण्याला किंवा बेंगळुरूला दुप्पट पगारावर जातो, आणि जावंच त्यानं. मग नवीन पोरगा येतो आणि जुन्याच्या वहीत बघून बटणं दाबतो. तुमच्या संस्थेला माझा निरोप द्या: एका ऑपरेटरची कायम जागा भरायची तयारी नसेल तर एसईएमचं टेंडर काढू नका.

मग त्या रकमेचं काय करायचं? जे रोज लागतं ते घ्या. चांगली यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोमीटर, दशांश मिलिग्रॅमपर्यंत मोजणारा तराजू, सेंट्रिफ्यूज, अल्ट्रासॉनिक बाथ, मफल फर्नेस, स्पिन कोटर, १८ मेगओमचं अतिशुद्ध पाणी देणारा प्लांट आणि एक मजबूत मेटलर्जिकल मायक्रोस्कोप. ही यंत्रं मुलं स्वतः हाताळतील, एखादं बिघडवतील, आणि त्यातूनच शिकतील. राहिलेल्या पैशातून मुलांच्या प्रवासाचा आणि टेस्टिंग फीचा वेगळा फंड करा.

मोठ्या यंत्रांसाठी नंबर लावा. या बाबतीत आपण नशीबवान आहोत. पाऊणशे किलोमीटरवर धारवाडचं कर्नाटक विद्यापीठ, एकशे दहा किलोमीटरवर कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ. केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाच्या मदतीनं चालणारी यंत्रकेंद्रं, ज्यांना सगळे 'सैफ' म्हणतात, ती दोन्हीकडे आहेत. बाहेरच्यांचे नमुने घेणं हे त्यांचं कामच आहे. राणी चन्नम्मा विद्यापीठ २०१० सालचं. त्याआधी इथल्या एमएस्सीच्या मुलांचं सगळं धारवाडशीच बांधलेलं असायचं, त्यामुळे जुन्या लोकांना तो रस्ता पाठ आहे. तिथल्या काउंटरवर "स्वल्प तडीरी" ऐकलं की बाकावर बसायचं आणि डबा उघडायचा. थोडं थांबा म्हणजे अर्धा तास, असा माझा अनुभव. कोल्हापुरात "बसा की जरा" म्हणतात. तेही अर्धा तासच.

देशभरातलं कुठलं यंत्र कुठं आहे हे बघायला 'आय-स्टेम' नावाचं सरकारी पोर्टल आहे, जानेवारी २०२० मध्ये सुरू झालेलं. त्यावर यंत्र शोधता येतं आणि वेळ मागता येते. फक्त एक करा: पोर्टलवर दिसलं म्हणून लगेच गाडी पकडू नका. आधी फोन करून विचारा, यंत्र चालू आहे का. आणि फोन ऑफिसात लावू नका, ऑपरेटरला लावा.

मी कोबाल्ट फेराइटचे नॅनोकण बनवते. एक्सआरडीवरून (क्ष-किरणांच्या चाचणीवरून) कणाचा आकार १८ नॅनोमीटर येतो, पण एसईएमच्या फोटोत दोनशे नॅनोमीटरचे गोळे दिसतात. गाइड म्हणतात एसईएम पुन्हा कर. पुन्हा केला, तेच आलं. कुठलं यंत्र चुकतंय?
– पीएचडीची विद्यार्थिनी, निपाणी

दोन्ही बरोबर आहेत बाळा. बुंदीचा लाडू डोळ्यासमोर आण. एक्सआरडी बुंदी मोजतं, एसईएमला लाडू दिसतो. एक्सआरडीतून येतो तो स्फटिकाचा आकार, म्हणजे अणूंची रांग न तुटता जिथपर्यंत जाते तेवढा भाग. असे कितीतरी स्फटिक एकमेकांना चिकटून एक गोळा होतो. फेराइटचे कण तर चुंबकीय, ते चिकटणारच.

तुझा आकडा मी ताडून बघितला. तू पत्रात दिलंस ते एक्सआरडीच्या आलेखातलं शिखर ३५.५ अंशांवर, रुंदी ०.४५ अंश. तांब्याच्या ट्यूबची तरंगलांबी ०.१५४०६ नॅनोमीटर. शेररचं सूत्र: ०.९ गुणिले तरंगलांबी, भागिले रुंदी गुणिले थीटाचा कोसाइन. थीटा म्हणजे ३५.५ चं अर्ध, १७.७५. रुंदी रेडियनमध्ये घेतली की ०.००७८५. उत्तर साडेअठरा नॅनोमीटर. जुळलं. मी हे मुद्दाम करून दाखवते, कारण निम्मी मुलं रुंदी अंशातच ठेवतात. तसं केलं तर उत्तर ०.३२ नॅनोमीटर येतं. कोबाल्ट फेराइटचा एक युनिट सेलच ०.८४ नॅनोमीटरचा आहे. म्हणजे एका विटेहून लहान घर! असा आकडा छापील प्रबंधात मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय.

आता एक राहिलंय. शिखराच्या रुंदीत यंत्राची स्वतःचीही रुंदी मिसळलेली असते. त्याच यंत्रावर, त्याच सेटिंगवर सिलिकॉनची प्रमाण पावडर चालवून घे आणि ती रुंदी वजा कर. मग आकार १८ पेक्षा थोडा मोठा येईल. गाइडना सांग की एकेक कण सुटा बघायचा असेल तर टीईएम (ट्रान्समिशन इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप) लागेल. त्यासाठी तीन मिलिमीटरची तांब्याची जाळी, वर कार्बनचा पडदा. चिमूटभर पावडर इथेनॉलमध्ये टाकून दहा-पंधरा मिनिटं अल्ट्रासॉनिक बाथमध्ये ठेव. द्रव पाण्यासारखा पातळ दिसला पाहिजे, चहासारखा नको. त्याचा एकच थेंब जाळीवर सोड. मुलं पावडर भरपूर घालतात, वाटतं जास्त घातली की जास्त दिसेल. जास्त घातली की काळोख दिसतो.

आणि आता एक गोष्ट सांगते, ती माझ्याच चुकीची आहे.

२००३-०४ चा सुमार असेल. एक मुलगा फेराइटचीच पावडर घेऊन आला. दुपारचे चार, परतीची एसटी साडेपाचची. त्याचा चेहरा बघून मी म्हटलं, चल, करून टाकू. कार्बनच्या चिकटपट्टीवर त्यानं पावडर चिकटवली होती. नियम असा, की स्टब (नमुना बसवायची धातूची चकती) उलटा करून टिचकी मारायची, ब्लोअरनं हवा मारायची, सुटी पावडर झटकून टाकायची. चुंबकीय नमुना असेल तर शक्यतो गोळीच करून आणायची किंवा रेझिनमध्ये बसवायची, आणि लेन्सपासून लांब ठेवायचा. मला हे सगळं पाठ होतं, दुसऱ्यांना मीच शिकवायचे. त्या दिवशी टिचकी राहिली. नमुना लेन्सच्या जवळ नेला आणि पडद्यावरचं चित्र एका बाजूला ओढल्यासारखं पसरलं. लेन्स म्हणजे शेवटी चुंबकच. पावडर उडून तिच्या तोंडाला जाऊन बसली होती.

कंपनीचा इंजिनिअर यायला तीन आठवडे लागले. तोवर यंत्र बंद. बाहेर एकवीस नमुन्यांची रांग, त्यातल्या दोन मुलींचे प्रबंध त्याच महिन्यात द्यायचे होते. इंजिनिअरनं लेन्सचा खालचा भाग उतरवून दाखवला, आत मिशीसारखी काळी लव उभी होती. मी लॉगबुकात लिहिलं, 'चुंबकीय पावडर, टिचकी मारली नाही', आणि खाली सही केली. विभागप्रमुख म्हणाले, बाई, एवढं स्पष्ट लिहायची काय गरज होती? मला कोनाड्यातली सुतळीची वही आठवली.

म्हणून कुठलाही ऑपरेटर तुझ्या फेराइटकडे बघून कपाळाला आठी घालेल. रागावू नकोस. फॉर्मवर 'चुंबकीय' हा शब्द मोठ्या अक्षरात लिही. तो लपवून नमुना पाठवणारी मुलं असतात, आणि ती कुठल्या कॉलेजची हे पुढच्या बॅचपर्यंत सगळ्यांच्या लक्षात राहतं.

मुलगी एमएस्सी करतेय. नॅनो शिकून नोकरी मिळते का?
– एक वडील, संकेश्वर

मिळते, पण 'नॅनो' या शब्दाला मिळत नाही. एखादं यंत्र पक्कं येतं असं ती सांगू शकली तर मिळते. साणंद आणि धोलेराला सेमीकंडक्टरचे मोठे कारखाने उभे राहतायत, सगळ्या आयआयटींच्या यंत्रकेंद्रांना माणसं लागतात. व्हॅक्यूम पंप खोलून जोडता येणारी मुलगी मी एकदाही रिकामी बसलेली पाहिली नाही. तिला सुट्टीत घरी बसवू नका, कुठल्यातरी लॅबमध्ये पाठवा.

गॅस सेन्सरच्या कामासाठी बेंगळुरूच्या आयआयएस्सीच्या क्लीन रूममध्ये जायची संधी आहे असं ऐकलं. आमच्यासारख्या छोट्या कॉलेजच्या मुलांना घेतात का? आणि अक्का, भीती वाटते. तिथं सगळं इंग्रजीत असेल, काही फुटलं-तुटलं तर?
– विद्यार्थिनी, खानापूर

घेतात. तुमच्यासाठीच तो कार्यक्रम आहे. इंडियन नॅनोइलेक्ट्रॉनिक्स यूजर्स प्रोग्राम, सगळे त्याला 'इनअप' म्हणतात. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाच्या पैशावर चालतो. आधी आयआयएस्सी आणि मुंबई आयआयटी दोनच होत्या, आता मद्रास, दिल्ली, खरगपूर आणि गुवाहाटीही आहेत. पहिल्यांदा ओळखीची कार्यशाळा असते, मग हातानं काम शिकवणारं प्रशिक्षण, आणि मग तुमचा स्वतःचा प्रकल्प. कार्यशाळेपासून सुरुवात कर. एकदम प्रकल्प मागितलास तर अर्ज मागे येईल.

अर्जात 'मला सेन्सर बनवायचा आहे' एवढं लिहून भागणार नाही. कागद घे आणि तुझा सेन्सर मधोमध कापला तर कसा दिसेल ते काढ. खाली सिलिकॉन, त्यावर ऑक्साइड, त्यावर टायटॅनियम दहा नॅनोमीटर, त्यावर सोनं शंभर नॅनोमीटर. टायटॅनियम कशाला? सोनं ऑक्साइडला धरत नाही. चिकटपट्टी लावून ओढलं की निघून येतं. टायटॅनियम दोघांनाही धरतं. अशा एकेका थराचं कारण तुला सांगता आलं पाहिजे. नंतर मास्कचं, म्हणजे प्रकाश कुठं पडावा ते ठरवणाऱ्या साच्याचं, चित्र. 'केलेआउट' नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यावर आत्तापासून हात बसव.

आणि रेषा उगाच बारीक मागू नकोस. मुलांना वाटतं क्लीन रूममध्ये जायचं म्हणजे नॅनोमीटरचंच काहीतरी करावं. गॅस सेन्सरचे एकमेकांत गुंतलेल्या बोटांसारखे इलेक्ट्रोड दहा मायक्रॉनचे असले तरी छान चालतात. ते साध्या मास्क अलाइनरवर, अतिनील प्रकाशात होतात. इलेक्ट्रॉन बीम लिथोग्राफी (इलेक्ट्रॉनच्या झोतानं रेषा काढणं) मागितलीस तर रांग लांब, वेळ महाग, आणि सेन्सर तेवढाच चांगला.

गॅस ओळखणारी तुझी पावडर मात्र क्लीन रूममध्ये नेऊ देणार नाहीत. ती इथेच, शेवटी, तयार चिपवर लाव. सोनं लागलेली वेफरसुद्धा (सिलिकॉनची चकती) तिथल्या स्वच्छ भट्टीत घालू देत नाहीत. सोन्याचे अणू गरम सिलिकॉनमध्ये झपाट्यानं पसरतात आणि पुढच्या दहा जणांचे ट्रान्झिस्टर नासवतात. घामातल्या मिठाचं सोडियमही तसंच. सोवळं-ओवळं म्हणायचं तर खरं सोवळं तिथं.

त्यावरून आठवलं. जाताना गजरा नको, पावडर नको, काजळ नको. हातात काचेच्या बांगड्या नकोत. कागद-पेन्सिलही नाही. पेन्सिल म्हणजे ग्रॅफाइटची भुकटी आणि कागद म्हणजे सुटे तंतू. आत त्यांचा वेगळा कागद मिळतो. बिडी-सिगारेट ओढून आलेल्या माणसाच्या श्वासातून बराच वेळ कण येत राहतात, त्यालाही थांबवतात. माझ्याबरोबर निपाणीचे एक सर होते, तंबाखूच्या वखारवाल्यांचे जावई. ते बिचारे दुपारपर्यंत बाहेरच्या बाकावर बसून होते.

कपडे वरून खाली चढवायचे. आधी केसांची टोपी, मग डोक्याचं हूड, मग अंगभर झगा, मग बूट, शेवटी हातमोजे. झगा जमिनीला टेकला तर दुसरा घ्यायचा. पहिल्या दिवशी वीस मिनिटं लागतात. आत फोटोलिथोग्राफीच्या खोलीत सगळं पिवळं दिसतं. फोटोरेझिस्टला, म्हणजे वेफरवरच्या प्रकाशानं बदलणाऱ्या थराला, निळा आणि अतिनील प्रकाश चालत नाही म्हणून पिवळे दिवे. पहिल्यांदा गेले तेव्हा मला आमच्या घरातलं लग्न आठवलं, हळदीच्या दिवशीचं. पंख्यांचा एकसुरी आवाज, एकवीस अंशांचा गारवा, आणि पाऊस आहे की ऊन काही कळत नाही. बाहेर आले तर बेंगळुरूत संध्याकाळ झाली होती.

भीतीचं म्हणशील तर, यंत्र फुटेल ही भीती सोड. एकट्यानं तुला कुणी हात लावू देणार नाही. भीती ठेवायची ती एकाच गोष्टीची: हायड्रोफ्लोरिक अॅसिड. ऑक्साइड काढायला ते लागतं. काच खातं, म्हणून प्लास्टिकच्या भांड्यात असतं, आणि दिसायला पाणीच. पातळ असेल तर अंगावर पडल्यावर लगेच दुखतही नाही. दुखायला लागतं तोवर ते आत हाडातल्या कॅल्शियमपर्यंत पोचलेलं असतं. कॅल्शियम ग्लुकोनेटचं मलम कुठल्या कपाटात आहे, हे पहिल्या दिवशी विचार. थेंब उडाल्याची नुसती शंका आली तरी ओरड, पाण्याखाली हात धर, आणि मलम लावून डॉक्टरकडे जा. मराठीत ओरडलीस तरी चालेल, तिथं कळतं सगळ्यांना.

इंग्रजीचं काही मनावर घेऊ नकोस. तिथं तामिळ, बंगाली, तेलुगू सगळी मुलं मोडकंतोडकं इंग्रजी बोलतात. तुला कन्नड येत असणार, खानापूरची आहेस. गॅस सिलिंडर बदलणाऱ्या आणि चिलर बघणाऱ्या मामांशी कन्नडमध्ये बोल. आठवड्याभरात तुझं काम सगळ्यांच्या आधी व्हायला लागेल. राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं निघालीस की सकाळी पोचशील. खालचा बर्थ घे, नमुन्यांची डबी उशाशी ठेवायला बरं.

पावसाळ्यात नमुने कुरिअरनं पाठवले तर खराब होतात का?
– एक वाचक, अनगोळ

होतात. काचेच्या छोट्या बाटलीत नमुना, बाटलीच्या झाकणाला पॅराफिनची पट्टी, ती बाटली सिलिका जेल घातलेल्या मोठ्या डब्यात. सिलिका जेल निळं असेल तर ठीक, गुलाबी झालं असेल तर ओव्हनमध्ये भाजून पुन्हा निळं करा. बाटलीवर बॉलपेननं नाव लिहू नका, पुसतं. कागदाच्या पुडीत पाठवलेल्या पावडरी मी पाहिल्यात, अंगाऱ्याच्या पुडीसारख्या. कृपा करा.

उद्यमबागेत माझी छोटी फाउंड्री आहे. एका गिऱ्हाइकानं पार्ट मोडला म्हणून पूर्ण लॉट परत पाठवला. दोष आमच्या कास्टिंगचा की त्यांच्या मशीनिंगचा, यावर वाद चाललाय. युनिव्हर्सिटीची यंत्रं आमच्यासारख्यांना वापरायला मिळतात का? की ती फक्त शास्त्रज्ञांची?
– एक उद्योजक, बेळगाव

मिळतात, आणि तुमच्यासारख्यांनी जायला पाहिजे. सैफमध्ये उद्योगांसाठी वेगळा दर असतो, विद्यार्थ्यांपेक्षा बराच जास्त. पण एक लॉट परत येण्यापेक्षा स्वस्तच. माझ्या नोकरीत फाउंड्रीवाले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आले. धारवाडचा रस्ता तुम्हाला ट्रान्स्पोर्टसाठी पाठ असतो, यंत्रकेंद्राचं गेट मात्र माहीत नसतं.

आधी साधं करून घ्या. मोडलेल्या जागेजवळचा तुकडा पॉलिश करून, नायटालनं (अल्कोहोलमधल्या पातळ नायट्रिक अॅसिडनं) एचिंग करून मेटलर्जिकल मायक्रोस्कोपखाली बघितला की ग्रॅफाइटचा आकार कळतो. एसजी आयर्न म्हणून दिलंय आणि ग्रॅफाइट गोल गाठींऐवजी लांबट पट्ट्यांचं दिसलं, तर वाद तिथंच मिटला, आणि दुर्दैवानं तुमच्या विरुद्ध. त्यासाठी नॅनोचं काही लागत नाही, बेळगावातच होईल. गाठी नीट असतील तरच पुढे एसईएम. तो मोडलेला पृष्ठभाग वाचतो. एकाच दणक्यात मोडला असेल तर एक प्रकारचा, रोज थोडाथोडा फाटत गेला असेल तर शिंपल्यावरच्या रेघांसारखा. रेघा जिथून सुरू होतात तिथं काय आहे ते बघायचं. वाळूचा कण आहे, हवेचं भोक आहे, की टूलचा ओरखडा. पहिली दोन तुमची, तिसरा त्यांचा. एसईएमला जोडलेल्या ईडीएसवर (मूलद्रव्यं ओळखणाऱ्या यंत्रावर) त्या कणात सिलिकॉन आणि ऑक्सिजन आला तर ती मोल्डची वाळू, असं धरून चाला.

पण हे सगळं तो पृष्ठभाग जसाच्या तसा पोचला तरच. रॉकेलनं धुऊ नका. वायर ब्रश लावू नका. तेलही लावू नका, गंजू नये म्हणून सगळे लावतात. लहान करायचा असेल तर गॅस कटरनं नको, करवतीनं कापा, मोडलेल्या जागेपासून लांब, आणि पृष्ठभाग कापताना झाकून ठेवा. नंतर कोरड्या डब्यात, सिलिका जेलसह. आणि दोन तुकडे एकमेकांवर ठेवून बसतात का ते बघू नका. बसतात. सगळे बघतात, आणि ज्या रेघा वाचायच्या असतात त्या तेवढ्यातच घासून जातात. तुमचं पत्र वाचून वाटतंय, तुम्ही एव्हाना बघितलंच असणार. तसं असेल तर त्याच लॉटमधला दुसरा मोडलेला पार्ट गिऱ्हाइकाकडून मागवून घ्या, न जोडलेला.